आजोबा-पणजोबांचे काय? प्रवराकाठचा एक प्रश्न

श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या पट्ट्यातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास सांगताना दुष्काळ, शाळा, दवाखाने आणि जातीचा जाच यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येक घरापुढे आणखी एक प्रश्न उभा राहत असे. येशूचे नावही कानावर न पडता जे गेले, त्या आजोबा-पणजोबांचे काय? माझे म्हणणे असे, की या प्रश्नामुळे परदेशातून आलेली स्वर्ग-नरकाची शिकवण जशीच्या तशी टिकू शकली नाही. नगर जिल्ह्यातला अनुभव थेट बोस्टनपर्यंत गेला आणि तिथल्या एका बलाढ्य संस्थेला तिची भूमिका सैल करावी लागली.

ती भूमिका मुळात किती कठोर होती, हे आधी पाहिले पाहिजे. बोस्टनची ती संस्था म्हणजे अमेरिकन बोर्ड. ही मिशन संस्था १८१० साली स्थापन झाली आणि १८१३ साली तिचे पहिले मिशनरी मुंबईला उतरले. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि नंतर येऊन मिळालेला सॅम्युएल न्यूएल या दोघांनी मुंबईत बसून जगाच्या धर्मांतरावर एक पुस्तक लिहिले. ते १८१८ साली अमेरिकेत छापले गेले. जगात साठ कोटी माणसे सुवार्तेवाचून मरत आहेत, त्यांचा नाश टाळायचा तर मिशनरी हजारोंनी निघाले पाहिजेत, असा त्यातला हिशेब होता. तरुणांनी घरदार सोडून सहा-सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करावा, यामागे हीच घाई होती. १८३१ साली अहमदनगरला ठाणे उघडले तेव्हा बोर्डाच्या अमेरिकन मराठी मिशनच्या माणसांनी हाच विश्वास सोबत आणला. म्हणजे ज्या साठ कोटींचा हिशेब मांडला गेला, त्यांत प्रवरेच्या आणि गोदावरीच्या काठची माणसेही होती, आणि त्यांचे पूर्वज तर त्या हिशेबानुसार आधीच हरवलेले होते.

तेव्हा श्रीरामपूर हा तालुकाच नव्हता. बेलापूर हे राहुरी तालुक्यातले जुने गाव होते, आणि १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर त्याच्या नावाच्या स्टेशनाभोवती पुढे जी वस्ती वाढली, तीच आजचे श्रीरामपूर. लोहमार्ग झाला तो काळ १८७६-७८च्या भीषण दुष्काळाचा. त्या वर्षांत आणि त्यानंतर महार आणि मांग समाजातली शेकडो घरे मिशनकडे वळली. पूर्वी एखादा शिकलेला माणूस वाचून, वाद घालून ख्रिस्ती होई. आता कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली. एकट्याने धर्म बदलला तर त्याचे पूर्वज ही त्याची खासगी वेदना राहते. भावकी मिळून धर्म बदलते तेव्हा पितृपंधरवड्याचे काय करायचे, नैवेद्य कोणाला दाखवायचा, हे सगळ्या वस्तीला ठरवावे लागते. मिशनरी म्हणत, हे सोडा. सोडणाऱ्यांना त्या बदल्यात कळे ते एवढेच, की आपण वाचलो आणि आपले आईबाप मात्र जळत आहेत.

रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांनी हे जवळून पाहिले. त्यांचा जन्म १८४७ साली मुंबईतच, मिशनऱ्याच्या घरी झाला. १८७४ पासून ते नगरला होते आणि १८७८ साली त्यांनी तिथे ईश्वरविज्ञानाचे विद्यालय काढले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकही तिथे शिकवत. १८८६ साली रजेवर अमेरिकेत असताना ह्यूम अँडोव्हर येथील धर्मविद्यालयात बोलले. तिथले प्राध्यापक त्या वेळी एक नवी कल्पना मांडत होते. ज्याला या आयुष्यात ख्रिस्त कळण्याची संधीच मिळाली नाही, त्याला ती अंतिम न्यायापूर्वी, मरणानंतरही मिळेल, अशी ती कल्पना. ह्यूम यांनी तिची बाजू घेतली. ही आशा बाळगू दिली तर मिशनचे काम खचत नाही, असे त्यांचे मत होते. त्यावरून अमेरिकन बोर्डात वादळ उठले. मरणानंतर संधी असेल तर मिशनरी पाठवायचेच कशाला, असा विरोधकांचा सवाल होता. त्याच वर्षी डेमॉइन येथे भरलेल्या बोर्डाच्या वार्षिक सभेत हा विषय गाजला, आणि ह्यूम यांना नगरला परत पाठवायचे की नाही हा निर्णय लांबणीवर पडला. अखेर १८८७ साली त्यांना परवानगी मिळाली. हेच मत बाळगणाऱ्या विल्यम नॉइस या उमेदवाराला बोर्डाने आधी नाकारले होते. १८९३ साली त्यालाही स्वीकारले.

त्याच काळात अटलांटिकच्या दोन्ही काठांवर याच प्रश्नाचे अगदी वेगळे उत्तर देणारा एक छोटा पंथ उभा राहत होता, तो म्हणजे ख्रिस्ताडेल्फियन. जॉन थॉमस हा इंग्रज डॉक्टर १८३२ साली अमेरिकेला निघाला असता जहाज बुडता बुडता वाचले, आणि मेल्यावर काय होते हे आपल्याला ठाऊक नाही, या जाणिवेने तो पछाडला. त्यातून त्याने आणि पुढे बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट रॉबर्ट्स यांनी जी शिकवण उभी केली, तीत अमर आत्मा नाही, आकाशातला स्वर्ग नाही आणि चिरंतन यातनांचा नरकही नाही. मेलेला माणूस बेशुद्ध निद्रेत असतो, नरक म्हणजे कबर. ख्रिस्त परत येईल तेव्हा ज्यांच्यावर जबाबदारी होती ते उठतील आणि देवाचे राज्य याच पृथ्वीवर, जेरुसलेमहून चालेल. ज्यांना काही कळलेच नाही ते उठणारच नाहीत. हे उत्तर नरकाच्या आगीपेक्षा पुष्कळ दयाळू आहे, हे मान्य. तरी मला ते नगरच्या प्रश्नाला पुरे पडत नाही. आजोबा जळत नाहीत, पण आजोबा परत भेटणारही नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. आणि कोण उठणार, यावर १८९८ साली त्या पंथातही फूट पडलीच. म्हणजे आग विझवली तरी बाहेर राहिलेल्यांचा प्रश्न सुटला नव्हता.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल. अँडोव्हरची कल्पना जर्मन ईश्वरविज्ञानातून, विशेषतः डॉर्नरच्या विचारातून आली; नगरचा तिच्याशी संबंध काय? कल्पनेचा उगम जर्मनीत होता, यात वाद नाही. पण प्राध्यापकांच्या ग्रंथात असेपर्यंत ती विद्वानांची चर्चा होती. बारा वर्षे मराठी खेड्यांत काम केलेला, दुष्काळात राबलेला मिशनरी ती उचलून धरतो आणि तरीही परत जाऊन तेच काम करायला तयार असतो, तेव्हा विरोधकांचा मुख्य मुद्दाच लंगडा पडतो. बोर्डाला ह्यूम गमावणे परवडणारे नव्हते, आणि त्यांचे वजन नगरने दिलेले होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. दुष्काळात आलेले लोक भाकरीसाठी आले, त्यांना परलोकाची फिकीर कशी असेल? भुकेल्या माणसाला आईबाप नसतात, असे मानणारालाच हा आक्षेप सुचतो. वर्षातून एकदा घरातल्या मेलेल्यांच्या नावाने घास काढणारी माणसे भूक लागली म्हणून ते नाते विसरत नाहीत. मात्र या बाबतीतली कागदपत्रे बहुतेक मिशनऱ्यांची आहेत, नवख्रिस्ती माणसांची नाहीत, ही उणीव खरी. म्हणून मतांपेक्षा चालीरीतींकडे पाहावे.

आणि चालीरीती पाहिल्या तर बाजी कॅथलिकांनी मारलेली दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन आणि पुढे स्विस येशूसंघीय धर्मगुरू या जिल्ह्यात आले. मेलेल्यांसाठी जिवंतांनी प्रार्थना करावी, मिस्सा अर्पावी, ही त्यांची जुनीच शिकवण. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा स्मरणदिन. न कळता दूर राहिलेला माणूस केवळ त्यामुळे दोषी ठरत नाही, हे पोप नववे पायस यांनी १८६३ साली सांगितले होते आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ते अधिक मोकळेपणाने मांडले. ह्यूम यांनी आशा बाळगण्याची मुभा मिळवली, पण त्या आशेला करण्यासारखे काही कृत्य जोडले नाही. कॅथलिक घराला ते आयते मिळाले. एके काळी साखर कारखाना असलेल्या, श्रीरामपूरजवळच्या हरेगावात १९४९ पासून सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते. नवस बोलायला आणि फेडायला तिथे ख्रिस्तीच नव्हे, इतर धर्मांचे लोकही जातात. श्रीरामपूर तालुक्यात कॅथलिक परंपरा इतकी रुजली याची कारणे अनेक आहेत: धर्मगुरूंचे कष्ट, शाळा, वसतिगृहे, कारखान्यातली कामे. त्यांत हेही एक धरावे असे मला वाटते, की पितर सोडून आलेल्या घराला तिथे मेलेल्यांसाठी पुन्हा काही करता येऊ लागले.