हाडांतील शिशाची साक्ष

इ. स. १८४५ च्या मे महिन्यांत 'एरेबस' व 'टेरर' हीं दोन इंग्रजी जहाजें सर जॉन फ्रँकलिन यांच्या आधिपत्याखालीं आर्क्टिक समुद्राकडे निघालीं. उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून पॅसिफिककडे जाणारा जलमार्ग त्यांस हुडकावयाचा होता. त्यांवरील १२९ माणसांपैकीं एकही परतला नाहीं. मागें राहिलीं तीं बीची बेटावरील तीन थडगीं व किंग विल्यम बेटावर विखुरलेलीं हाडें.

१९८१ मध्यें कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठाचे ओवेन बीटी यांनीं त्या बेटावरून हाडें आणलीं. एका खलाशाच्या हाडांत दहा लक्ष भागांस २२८ भाग शिसें निघालें. त्याच प्रदेशांतील इन्युइट लोकांच्या हाडांत तें फारच थोडें होतें. संशय गेला तो डबाबंद अन्नावर. गोल्डनर नांवाच्या मक्तेदारास प्रयाणापूर्वीं जेमतेम सात आठवडे मक्ता मिळाला होता, आणि त्याच्या सुमारें ८,००० डब्यांचे सांधे शिशाच्या डाकानें जोडलेले होते. विषानें खलाशांची बुद्धि भ्रमली, ही कथा लोकांस फार पटली. कदाचित् जरा जास्तच पटली.

कारण शिसें किती, हें कळलें. केव्हां शिरलें, हें कळलें नव्हतें. शिसें कॅल्शियमचें सोंग घेऊन हाडांत शिरतें व कठीण हाडांत दशकेंच्या दशकें मुक्काम करतें. त्या काळच्या इंग्लंडांत पाण्याचे नळ शिशाचे, रंगांत शिसें. तेव्हां खलाशी बाळपणापासूनच तें सांठवीत आला असावा.

येथें क्ष-किरण उपयोगीं पडले. क्ष-किरणाच्या आघातानें परमाणूच्या अंतर्भागांतील इलेक्ट्रॉन उडाला, कीं बाहेरचा त्याची जागा घेतो, आणि त्या वेळीं बाहेर पडणाऱ्या किरणावर त्या त्या मूलद्रव्याची खूण असते. हा नियम मोझली यांनीं १९१३ मध्यें स्पष्ट केला. १९७६ मध्यें स्वीडनमध्यें याच तत्त्वावर जिवंत माणसांच्या बोटांच्या हाडांतील शिसें मोजलें गेलें.

शिवाय हाड हें सतत मोडून पुन्हा बांधलें जात असतें. एकाच तुकड्यांत वर्षांपूर्वींचें हाड व मरणापूर्वीं नुकतेंच घडलेलें हाड शेजारीं शेजारीं असतें. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत सिंक्रोट्रॉनच्या अतिसूक्ष्म क्ष-किरणशलाकेनें हे थर निरनिराळे वाचले गेले. डबे अपराधी असते, तर पहिल्याच हिंवाळ्यांत बीची बेटावर मेलेल्यांहून पुढें दोन वर्षें जगलेल्यांच्या हाडांत शिसें अधिक पसरलेलें दिसावयास हवें होतें. तसें दिसलें नाहीं. वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा येथें पुरलेल्या, सुमारें त्याच काळच्या आरमारी खलाशांहूनही तें विशेष अधिक नव्हतें. मरणाच्या सुमारास बनलेल्या हाडांत मात्र कांहीं ठिकाणीं तें वाढलेलें आढळलें. पण उपाशी देह स्वतःचींच हाडें झिजवितो, आणि जुनें शिसें पुन्हा रक्तांत उतरतें.

माणसें भुकेनें मेलीं, असें इन्युइटांनीं डॉ. जॉन रे यांस १८५४ मध्येंच सांगितलें होतें. भुकेल्यांनीं सोबत्यांचें मांस खाल्लें, हेंही ते म्हणाले होते. लंडनमधील प्रतिष्ठितांस तें ऐकवलें नाहीं. पुढें १९९० नंतरच्या दशकांत किंग विल्यम बेटावरील हाडांवर सुरीचे व्रण सांपडले.