पाटाच्या कडेची बडीशेप

कोपरगाव तालुक्यात बडीशेप पीक म्हणून कधी नावारूपाला आली नाही. इथली मुख्य पिके निराळी. पूर्वी बाजरी, ज्वारी, हरभरा आणि पाटपाणी आल्यावर ऊस, गहू, कांदा. बडीशेप वाढली ती या पिकांच्या कडेला: कांद्याच्या वाफ्याच्या वरंब्यावर, दंडाच्या काठाने, नाहीतर परसात, मोरीचे पाणी जाते तिथे. घरापुरत्या दहा-बारा झाडांना पीकपाहणीच्या रकान्यात जागा नसते. त्यामुळे तिचा इतिहास पाण्याच्या, बाजाराच्या आणि स्वयंपाकघराच्या इतिहासातूनच जुळवावा लागतो.

ही वनस्पती मूळची भूमध्य समुद्राकाठची. भारतात ती फार पूर्वीच रुळली. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात शतपुष्पा आणि मिश्रेया यांची नावे शेजारीशेजारी येतात. त्यांतली पहिली म्हणजे शेपू आणि दुसरी बडीशेप असे सामान्यतः मानले जाते. दोन्ही एकाच कुळातल्या, दोघींची पाने केसांसारखी बारीक, दोघींचा फुलोरा छत्रीसारखा पिवळा. नवख्या माणसाला रोपावस्थेत त्या ओळखू येत नाहीत, पण पान चुरगळून हुंगले की शंका उरत नाही. बडीशेपेचा गोड वास तिच्यातल्या ॲनेथोल या द्रव्याचा, तर शेपूच्या दाण्याचा, म्हणजे बाळंतशेपेचा, उग्र वास कार्व्होनचा. शेपूची भाजी नगर जिल्ह्यात मूगडाळ घालून घरोघरी होते. तिचे बी टाकले की महिना-दीड महिन्यात पाला कापायला येतो. बडीशेप मात्र पाच-सहा महिने जागा अडवते, त्यामुळे मळ्यात तिला शेपूइतके सहज स्थान मिळाले नाही.

दाण्यांचा पुरवठा मुख्यतः बाहेरून होई. गुजरात आणि राजस्थान हे बडीशेपेचे खरे प्रांत. मेहसाणा जिल्ह्यातल्या उंझा बाजारात जिऱ्याइतकाच तिचाही बोलबाला आहे. 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, कोपरगावला स्थानक मिळाले आणि दूरच्या पेठांतला किराणा माल थेट तालुक्यात उतरण्याची सोय झाली. विकतचे दाणे असे सुलभ झाल्यावरही परसात झाडे लावण्याची रीत टिकली, आणि तिची कारणे समजण्यासारखी आहेत. ताजी, हिरवी, अर्धवट भरलेली बडीशेप दुकानात मिळत नाही. तिची कोवळी चव झाडावरून खुडल्याशिवाय कळत नाही.

परसबागेचा प्रश्न इथे नेहमीच पाण्याचा होता. कोपरगाव गोदावरीच्या काठी असले तरी तालुका पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरांच्या आसपास, तोही बेभरवशाचा. नदी खोल पात्रातून वाहते, त्यामुळे काठावरच्या रानालाही तिचे पाणी आपोआप मिळत नसे. मळा म्हणजे विहीर आणि मोट. बैलांनी ओढलेली मोट थारोळ्यात रिकामी होई, तिथून पाणी दंडाने वाफ्यांत जाई, आणि जिथे दंडाची माती सतत ओली राही तिथेच मिरची, कोथिंबीर, शेपू, बडीशेप अशी घरची लागवड असे. गावठाणात तर झाडे हाताने जगवावी लागत. तेव्हा कोपरगाव तालुक्यात असलेल्या शिर्डीची एक नोंद या दृष्टीने मोलाची आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या 'श्री साईसच्चरिता'त साईबाबांनी लावलेल्या बागेचे वर्णन आहे. राहात्याहून जाई, जुई, झेंडूची रोपे आणलेली, पडीक जागा साफ केलेली, आणि वामन तात्या हा भक्त रोज दोन कच्चे घडे पुरवी, त्यांतून विहिरीचे पाणी खांद्यावरून आणून झाडांना घातले जाई. कच्चे घडे संध्याकाळी फुटून जात, दुसऱ्या दिवशी नवे येत. ही बाग फुलांची होती, पण पाट येण्याआधी या भागात चार झाडे जगवायला किती कष्ट पडत, हे त्या घड्यांवरून कळते.

1907 ते 1916 या काळात गोदावरीवर नांदूर मधमेश्वर इथे बंधारा आणि तिथून निघणारे डावा व उजवा असे दोन कालवे बांधले गेले. त्यांना बारमाही आधार मिळावा म्हणून इगतपुरीजवळ दारणा धरण झाले. कालव्यांनी कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर हा पट्टा पालटून टाकला. ऊस आला, मोसंबी आणि पेरू आले. करमशी जेठाभाई सोमय्यांच्या गोदावरी शुगर मिल्सचा कारखाना साकरवाडीला उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर कोळपेवाडी आणि सहजानंदनगर इथे सहकारी कारखाने निघाले. अतिपाण्याने काळ्या जमिनी चोपण होण्याचे दुखणेही याच पट्ट्याने भोगले.

या उलथापालथीत घरच्या मसाल्याच्या झाडांना जागा मिळाली ती पाटपाण्याच्या पद्धतीमुळे. चारीचे पाणी पाळीने येते. पाळी आली की रात्री-अपरात्री शेतकरी दारे धरतो, एक वाफा भरला की मातीचा बांध फोडून पाणी पुढच्यात सोडतो. या सगळ्या रचनेत दंड आणि वरंबे भरपूर. वाफ्यात मुख्य पीक आणि वरंब्यावर मोहरी, धने, करडई, बडीशेप असा रब्बीतला जुना शिरस्ता आहे. वेगळे पाणी नाही, वेगळे खत नाही, मुख्य पिकाचा एक तासही कमी होत नाही. या झाडांची निवड, बी धरणे आणि काढणी बहुधा घरातल्या बायकांकडे असे. शेतीच्या इतिहासात या कामाची दखल फारशी घेतली गेली नाही. ती घ्यायला हवी, कारण घरच्या मसाल्याच्या डब्याचा एक भाग याच कामातून भरत होता.

लागवडीचा काळ दिवाळीचा. थंडी पडू लागली की बी टोकतात, फार खोल नाही, बोटाच्या पहिल्या पेरापेक्षाही कमी. आठ ते चौदा दिवसांत उगवण होते. दोन झाडांत हातभर अंतर लागते, कारण झाड छातीइतके उंच जाते आणि वाऱ्याने कलते. पाणी साचलेले त्याला चालत नाही, म्हणून चिकण काळ्या रानात वरंब्याचा उंचवटाच त्याला मानवतो. फुलोऱ्यावर मधमाश्या गर्दी करतात, आणि दाणे भरायला त्यांची गरजही असते. ढगाळ हवेत मावा पडतो.

काढणी एका दमात होत नाही. मधल्या शेंड्यावरची छत्री आधी भरते, बाजूच्या फांद्यांवरच्या मागाहून. एकाच झाडावर पिवळे फूल, कोवळा हिरवा दाणा आणि रेघा उमटलेला जून दाणा एकाच वेळी दिसतात. खाण्यासाठीची छत्री दाणे निम्मे भरले की खुडायची आणि सावलीत, कापडावर पसरून वाळवायची. उन्हात टाकली की हिरवा रंग उडतो आणि वासही उतरतो. मसाल्यासाठीची मात्र दाण्यावर पिवळट झाक येईपर्यंत झाडावर ठेवतात. गुढीपाडव्याच्या आगेमागे काम आटोपते. झाड बहुवर्षायू असल्याने बुडख्यापासून कापले तर उसासारखा त्याचा खोडवाही फुटतो, पण कोपरगावच्या वैशाखातून तो निभावणे कठीण.

स्वयंपाकात बडीशेपेचा मान गोडाकडे जास्त. नगर, नाशिक, मराठवाडा या भागांत अनेक घरी पुरणात जायफळ-वेलदोड्याच्या जोडीला सुंठ आणि बडीशेपेची पूड पडते. हरभऱ्याची डाळ जड, तिला उतारा म्हणून ही जोडी आली, असे जाणत्या बायका सांगतात. गव्हाच्या खिरीत, गुळाच्या गुलगुल्यांत ती अख्खी किंवा भरडून असते. गूळ आणि बडीशेप यांचे विशेष जमते. तिखटात मालवणी मसाल्याने तिला ठळक स्थान दिले. घाटावरच्या मसाल्यांत ती घरोघरी बदलते, कुठे चमचाभर, कुठे अजिबात नाही.

औषधी वापर त्याहून जुना. तान्ह्या बाळाचे पोट दुखले की बडीशेपेचे पाणी, बाळंतिणीला जेवणावर बाळंतशेप, ओवा, तीळ, सुके खोबरे आणि बडीशेप यांची भाजून केलेली सुपारी. जेवणानंतर बडीशेप चघळण्याच्या आजच्या सवयीचे मूळ या घरगुती औषधात असावे, विड्याच्या परंपरेत नव्हे. विड्याचा थाट पेशवाईचा, आणि पेशवाईचा धागा कोपरगावापर्यंतही येतो: साल्बाईच्या तहानंतर रघुनाथराव पेशवे कोपरगावी येऊन राहिले आणि 1783 च्या डिसेंबरात तिथेच वारले. त्या काळच्या पेशवाई पंगतीची सांगता विड्याने होई. त्रयोदशगुणी विड्याच्या प्रचलित यादीत लवंग, वेलदोडा, जायपत्री, कंकोळ, केशर, कापूर असे एकाहून एक जिन्नस आहेत, बडीशेप नाही. ती घरगुती होती, थाटाची नव्हती. तिला सार्वजनिक जागा मिळाली ती खाणावळी आणि हॉटेलांमुळे. शिर्डीला जाणारा यात्रेकरू पूर्वी कोपरगाव स्थानकावर उतरे आणि टांग्याने गोदावरीपार जाई. पुढे यात्रा वाढली, रस्त्याकाठी हॉटेले झाली आणि बिलाबरोबर बडीशेप-खडीसाखरेची वाटी येऊ लागली.

गेल्या काही दशकांत वरंब्यावरची बडीशेप विरळ झाली आहे. कालव्याची आवर्तने घटली, ठिबक आले, आणि ठिबकच्या शेतात दंड उरत नाही. ठिबक हवेच, पाणी वाचते, पण त्याबरोबर ओल्या कडेची ही छोटी शेती गेली. आता बडीशेप लावायची तर बंगल्याच्या परसात किंवा कुंडीत. कुंडी निदान फूटभर खोल हवी, कारण मुळी सरळ खाली जाते. सकाळचे ऊन आणि पाण्याचा निचरा सांभाळला की दोन-तीन झाडांची हिरवी बडीशेप घरच्या वाटीपुरती होते. बियाण्यासाठी मधली, पहिली छत्री राखावी, तिचे दाणे टपोरे असतात. कोरड्या डब्यात ते पुढच्या दिवाळीपर्यंत चांगले उगवतात, त्याहून जुने झाल्यावर उगवण कमी होत जाते.