फॉर्मंट फिल्टर
संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनीला मानवी स्वरोच्चाराची छटा देणारा फिल्टर. घसा व मुखपोकळीतील अनुनादामुळे ठरावीक कंप्रता उठावदार होतात. त्यांना फॉर्मंट म्हणतात. प्रौढ पुरुषाच्या आवाजात पहिले दोन फॉर्मंट ‘आ’साठी सुमारे ७०० व १,१००, तर ‘ई’साठी सुमारे ३०० व २,३०० हर्ट्‌झ असतात. समांतर जोडलेल्या बँडपास फिल्टरांनी या फॉर्मंटसारखी शिखरे निर्माण करता येतात. स्वर-नियंत्रकाने एका स्वरातून दुसऱ्यात सरकता येते. या नियंत्रकाला एलएफओ (मंद गतीचा दोलक) जोडल्यास वाद्य बोलल्याचा भास होतो. रेझोनन्स वाढवल्यास शिखरे अरुंद होतात व उच्चार ठळक होतो. शिफ्ट या नियंत्रकाने सर्व शिखरे एकत्र वरखाली सरकतात. मूळ सूर मात्र कायम राहतो. करवती तरंगासारख्या, भरपूर उपस्वर असलेल्या ध्वनीवर परिणाम स्पष्ट जाणवतो. शुद्ध साइन तरंगात उपस्वर नसल्याने स्वराची छटा उमटत नाही.