मानखुर्दच्या पुढे सायकल

तर झालं असं, की गेल्या डिसेंबरात एकदाचा ट्रॉम्बे ते रत्नागिरी सायकलने गेलो. चार वर्षं 'या हिवाळ्यात नक्की' म्हणत ढकललेली ट्रिप. (दर डिसेंबरला कुठलं ना कुठलं रिलीज असतंच. असो.) भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, मग अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे असं किनाऱ्याने जात रत्नागिरी. येताना रेल्वे.

घरी पोचलो. बाबांनी माझ्याकडे बघितलं, सायकलकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि विचारलं, "गाडीत घालून आणलीस? मग ट्रिप अर्धीच झाली की."

सहा दिवसांचा शीण एका वाक्यात दुप्पट झाला.

बाबांना असं बोलायचा हक्क आहे म्हणा. सत्तरच्या दशकात ते कुर्ल्याला राहायचे आणि ट्रॉम्बेतल्या एका कारखान्यात नोकरीला होते. लोकलने मानखुर्दपर्यंत यायचे, आणि तिथे स्टेशनाबाहेर रात्रभर कुलूप लावून ठेवलेली सायकल घेऊन पुढे. संध्याकाळी उलट. असं बरीच वर्षं, पावसाळ्यासकट. त्यांच्या हिशोबात माणूस गाडीत बसतो आणि सायकल बाहेर थांबते. सायकल गाडीत बसते हेच त्यांना जरा हास्यास्पद वाटतं.

पण 'अर्धीच' हा शब्द डोक्यातून जाईना. म्हणून त्या वीकेंडला जरा शोधाशोध केली. म्हटलं, अख्ख्या जगाला सायकलने वळसा घालणारे मुंबईकर काय करत होते ते बघू.

बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण १५ ऑक्टोबर १९२३ ला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगाच्या सफरीला निघाले होते. गिअर नाहीत, जीपीएस नाही, बहुतेक वाटेवर धड रस्तेही नाहीत. इराण, इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असं करत १८ मार्च १९२८ ला परत आले ते तिघं: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा. जवळजवळ ७१,००० किलोमीटर. त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची आहे. पुढे १९३३ मध्ये मुंबईचेच आणखी तिघं निघाले आणि परत यायला त्यांना १९४२ उजाडलं.

आता गंमत बघा. महासागर काही सायकलने ओलांडता येत नाही. म्हणजे त्यांच्याही सायकली बोटीत चढल्याच होत्या. बाबांचा नियम लावला तर त्यांचीही सफर अर्धीच. हा मुद्दा मी बाबांसमोर मांडला. ते म्हणाले, "समुद्राला इलाज नाही. रत्नागिरीहून रस्ता आहे." बरोबर आहे! वाद घालायचा तर माणसाने इंजिनिअरशी घालावा, कारखान्यातल्या फिटरशी नाही.

पण या शोधाशोधीत १९२८ हे साल दुसऱ्याच ठिकाणी भेटलं. ज्या वर्षी ते तिघं परत आले त्याच वर्षी आमच्या ट्रॉम्बेला प्रवासी रेल्वे आली. हो, ट्रॉम्बेला! साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे, किंवा सेंट्रल साल्सेट ट्रामवे. अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेपर्यंत, साधारण १३ किलोमीटर. जीआयपी रेल्वेने ती बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टसाठी बांधली. हा ट्रस्ट १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारायला म्हणून १८९८ मध्ये निघालेला. १९३३ मध्ये तो महापालिकेत विलीन झाला आणि १९३४ मध्ये ही रेल्वे बंद पडली. सहा वर्षांत खेळ खलास. माझा अंदाज असा, की जिने हट्टाने ती काढली ती संस्थाच उरली नाही, वर जागतिक मंदीची ती वर्षं, मग तोट्यातल्या गाडीसाठी भांडणार कोण? आपल्याकडे नाही का, मॅनेजर बदलला की त्याचा लाडका प्रोजेक्ट गुंडाळतात, तसंच काहीसं.

मी इथेच लहानाचा मोठा झालो, पण अंधेरीहून ट्रॉम्बेला गाडी यायची हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनाही माहीत नव्हतं.

म्हणजे इथे रूळ नाहीत असं अजिबात नाही. आमच्या भागात रेल्वेने आधी मालाची सोय बघितली आणि माणसांची नंतर. कुर्ला-चेंबूर मार्ग १९०६ चा, पण त्यावरून आधी शहराचा कचरा यायचा. प्रवासी बसले १९२४ मध्ये. पुढे पन्नाशीच्या दशकात माहुल-ट्रॉम्बेला तेलाच्या रिफायनऱ्या आल्या, वीजकेंद्र आलं, अणुऊर्जेचं केंद्र आलं, साठीत खतांचा कारखाना. तेल आणि खत वाहायला रूळ आहेत. ते तयार करणारा माणूस मात्र मानखुर्दला उतरून सायकल शोधत होता. बाबांची ती सायकल म्हणजे १९३४ मध्ये बंद पडलेल्या गाडीची बदली कामगार होती म्हणा ना.

आणि आता माझी सायकल. रत्नागिरीच्या पार्सल ऑफिसात मला कळलं, की रेल्वेच्या लेखी ती मालच. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेता येतं, पण सायकल त्यात धरत नाहीत. फॉर्म भरा, तिकीट दाखवा, पैसे भरा, पावती घ्या. हँडल वाकडं केलं, पेडल काढली, गोणपाट गुंडाळलं, त्यावर नाव आणि 'रत्नागिरी ते पनवेल' असं ठळक लिहिलं. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "घर कुठं?" म्हटलं ट्रॉम्बे. "म्हणजे तुर्भे? मग पनवेलला कशाला, तुर्भ्याला स्टेशन आहे की." त्यांचं चुकलं नव्हतं. ट्रॉम्बेचं मराठी नाव तुर्भेच. फक्त स्टेशन मिळालं ते खाडीपलीकडच्या, नवी मुंबईतल्या तुर्भ्याला.

फेरीबोटींवर हा प्रश्नच आला नव्हता. दिघीला, बाणकोटच्या खाडीत, दाभोळला, जयगडला, सगळीकडे सायकल हातात धरून उभा राहिलो. इथे मात्र ती शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये आणि मी मधल्या डब्यात. रात्रभर प्रत्येक स्टेशनवर मान बाहेर काढून बघत होतो, कोणी उतरवून तर घेत नाही ना. पनवेलला गाडी पूर्ण थांबायच्या आत उडी मारली (तुम्ही मारू नका) आणि मागे पळत सुटलो. गार्डसाहेब, म्हणजे २०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, शांतपणे पावती बघत होते आणि मला धाप लागली होती. गोणपाट खाली आलं तेव्हा आतली घंटी आपोआप वाजली. खोटं वाटेल, पण डोळ्यांत पाणी आलं.

तिथून लोकल. पनवेलपर्यंत हार्बर लाइन १९९८ मध्ये आली, त्याच वर्षी कोकण रेल्वेही सुरू झाली. मानखुर्द-वाशी पूल १९९२ चा. म्हणजे बाबांच्या उमेदीच्या काळात मला असं येताच आलं नसतं, मानखुर्द हे शेवटचं स्टेशन होतं. सायकलचं वेगळं तिकीट काढून लगेजच्या डब्यात चढलो. एका मावशीने मासळीची टोपली सरकवून चाकाला जागा करून दिली. "कुठं जायाचं?" म्हटलं ट्रॉम्बे. "मग उतर मानखुर्दला, फुडं आमच्यासारखीच रिक्षा." म्हटलं, मावशी, माझी रिक्षा ही काय, बरोबर आणलीये. ती खूप हसली.

मानखुर्दला पेडल पुन्हा बसवली. अणुशक्तीनगरच्या बाजूने, चीता कॅम्पवरून (आणीबाणीत, १९७६ मध्ये, जनता कॉलनी उठवून ज्यांना इथे आणलं त्यांची वस्ती) ट्रॉम्बे गावठाणापर्यंत. बाबा ज्या रस्त्याने जायचे त्याच रस्त्याने.

हे सगळं रविवारी त्यांना वाचून दाखवलं. अंधेरीच्या गाडीपाशी त्यांनी थांबवलं. "चौतीसला बंद केली? चालू ठेवली असती तर मला सायकल घ्यावीच लागली नसती." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी पुढे वाचायला लागलो तर म्हणाले, "ते राहू दे. चेन बघितलीस का? खारं पाणी लागलंय. रॉकेल आण, मी सांगतो कशी धुवायची."