बुद्धिबळातील ‘मास्टर’ कोणाला म्हणायचे?

एक मीटर पॅरिसमध्ये जेवढा लांब, तेवढाच परभणीत. किलोग्रॅमचेही तसेच. पण एका विद्यापीठाचा पहिला वर्ग आणि दुसऱ्या विद्यापीठाचा पहिला वर्ग सारखाच असतो का? आपल्या शाळेत पहिला आलेला मुलगा शेजारच्या शाळेतही पहिलाच आला असता का? उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे प्रश्न कधी ना कधी पडतात. माणसाच्या कौशल्याला माप कसे लावायचे आणि गावोगावची मापे एकमेकांशी कशी जुळवायची, हा मोठा अवघड प्रश्न आहे. बुद्धिबळाच्या जगाने या प्रश्नाशी शंभराहून अधिक वर्षे झटापट केली. तिचा इतिहास आपण या लेखात पाहणार आहोत.

सुरुवात जर्मनीपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील बुद्धिबळ संघटना दर एक-दोन वर्षांनी मोठे अधिवेशन भरवीत असे. त्यात मास्टर लोकांची एक स्पर्धा असे आणि उमेदवारांची दुसरी. उमेदवारांच्या स्पर्धेत जो पहिला येई त्याला ‘मास्टर’ म्हणत, आणि पुढच्या वेळी मास्टरांच्या स्पर्धेचे दार त्याला उघडे होई. पुढे २७ वर्षे जगज्जेता राहिलेला इमॅन्युएल लास्कर १८८९ साली ब्रेस्लाऊ येथे (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) अशीच स्पर्धा जिंकून मास्टर झाला. रशियातही साधारण हीच रीत होती. १९०९ साली सेंट पीटर्सबर्ग येथील हौशी खेळाडूंची अखिल रशियन स्पर्धा जिंकल्यावर सोळा वर्षांच्या अलेखिनला मास्टर हा किताब मिळाला.

या पद्धतीत एक गुण होता आणि एक दोषही. गुण असा, की किताब पटावर मिळवावा लागे. कोणाच्या शिफारशीने तो मिळत नसे. दोष असा, की ज्या वर्षी उमेदवार दुबळे असतील त्या वर्षीचा पहिला आणि ज्या वर्षी ते बलवान असतील त्या वर्षीचा पहिला, दोघांनाही बिरुद एकच. शिवाय जर्मनीचा मास्टर आणि इंग्लंडचा मास्टर यांची तुलना करायला काही साधन नव्हते.

‘ग्रँडमास्टर’ हा शब्द तर याहूनही सैलपणे वापरला जाई. १९०७ साली बेल्जियममधील ऑस्टेंड येथील स्पर्धेत सर्वात वरच्या गटातील खेळाडूंना ग्रँडमास्टर म्हटले गेले होते. याबाबत एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. १९१४ च्या सेंट पीटर्सबर्ग स्पर्धेतील पाच अंतिम स्पर्धकांना, म्हणजे लास्कर, कॅपाब्लांका, अलेखिन, टाराश आणि मार्शल यांना, रशियाच्या झारने ग्रँडमास्टर ही पदवी बहाल केली, अशी ती गोष्ट. ती पसरली मुख्यतः मार्शलच्या १९४२ सालच्या आत्मचरित्रातून. इतिहासाच्या अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा १९१४ मधील वृत्तांतांत तिला आधार मिळाला नाही. घटनेनंतर २८ वर्षांनी लिहिलेली आठवण आणि त्या वेळचा कागद यांत फरक कसा करावा, हे वर्गात सांगण्यासाठी उदाहरण म्हणून ही गोष्ट चांगली आहे.

किताबांची पद्धतशीर उतरंड रचली ती सोव्हिएत संघाने. तेथे बुद्धिबळ हा सरकारी पाठबळाचा, लाखो लोकांचा खेळ होता. त्यामुळे शाळेच्या इयत्तांसारखी रचना केली गेली. खालच्या श्रेणी, मग पहिली श्रेणी, मग उमेदवार मास्टर, मग मास्टर आणि सर्वात वर सोव्हिएत ग्रँडमास्टर. कोणत्या ताकदीच्या स्पर्धेत किती गुण मिळवले म्हणजे वरच्या श्रेणीत जायचे, हे ठरलेले असे. तरीही शिखरावरची पदवी राजकीय निर्णयांपासून मुक्त नव्हती. १९२९ चे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या बोरिस व्हेर्लिन्स्कीला ग्रँडमास्टर केले गेले आणि थोड्याच वर्षांत ती पदवीच रद्द झाली. १९३५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा ती मिखाईल बोटविनिकला मिळाली. व्हेर्लिन्स्की मात्र मागे पडला.

फिडे ही जागतिक संघटना पॅरिसमध्ये १९२४ साली स्थापन झाली होती, पण तिने अधिकृत किताब दिले ते १९५० साली. पहिल्या यादीत २७ ग्रँडमास्टर, ९४ इंटरनॅशनल मास्टर आणि १७ महिला इंटरनॅशनल मास्टर होते. ही नावे समितीने ठरवली होती. त्यांत बोटविनिक, स्मिस्लॉव्ह, केरेस असे ऐन भरातले खेळाडू होते. तसेच गतकाळच्या पराक्रमाबद्दल गौरवलेले वृद्धही होते. रुबिनस्टाइनने १९३० च्या दशकातच स्पर्धा सोडल्या होत्या. जाक मीझेस तर ८५ वर्षांचे होते. म्हणजे निवृत्त खेळाडूंना किताब द्यायचा नाही असे समितीचे धोरण नव्हते. हे लक्षात ठेवू, कारण या यादीत नसलेले एक नाव आपल्या जवळचे आहे.

ते नाव मीर सुलतान खान. पंजाबातील एका खेड्यातला हा माणूस भारतीय पद्धतीचे बुद्धिबळ खेळत मोठा झाला. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाई, किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्याप्रमाणे चालता येई, आणि शेवटच्या पट्टीत पोहोचलेले प्यादे त्या स्तंभातील मूळ मोहरा होई. प्रांतोप्रांती हे नियम थोडे बदलतही. १९२८ साली सुलतान खान अखिल भारतीय विजेता झाला. पुढल्याच वर्षी सर उमर हयात खान यांच्याबरोबर तो इंग्लंडला गेला आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे त्याने जिंकली. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कॅपाब्लांका याला हरवले. ऑलिंपियाडमध्ये तो इंग्लंडच्या पहिल्या पटावर खेळला. १९३३ च्या अखेरीस तो आपल्या मालकाबरोबर परत आला आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पुन्हा कधी दिसला नाही.

१९५० साली सुलतान खान हयात होता. तो पाकिस्तानातील पंजाबात राहत होता. ग्रँडमास्टरच्या यादीत त्याचे नाव नव्हते, इंटरनॅशनल मास्टरच्या यादीतही नव्हते. १९६६ साली तो वारला. फेब्रुवारी २०२४ मध्ये फिडेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर जाहीर केले. पटावरचा पराक्रम तर १९३३ मध्येच पूर्ण झाला होता. त्याची नोंद घ्यायला नव्वद वर्षे लागली. समितीने नावे ठरवायची म्हटले, की समितीच्या नजरेआड असलेला माणूस राहून जातो. मग समितीऐवजी आकड्यांवर भिस्त ठेवली तर?

हा मार्ग अमेरिकेने धरला. तेथे १९५० पासून खेळाडूंना गुणांकन, म्हणजेच रेटिंग, दिले जाऊ लागले. मिलवॉकी येथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांनी ते संख्याशास्त्राच्या पायावर नव्याने उभे केले. हंगेरीत जन्मलेले एलो स्वतःही चांगले खेळाडू होते. त्यांची पद्धत अमेरिकेने १९६० मध्ये आणि फिडेने १९७० मध्ये स्वीकारली.

तिची कल्पना साधी आहे. दोघांच्या गुणांकनातील फरकावरून कोणाला किती गुण मिळतील याचा अंदाज करता येतो. फरक शून्य असेल तर दर डावाला सरासरी अर्धा गुण. फरक १०० असेल तर वरच्याला सुमारे ०.६४, आणि २०० असेल तर सुमारे ०.७६. समजा २००० गुणांकनाच्या खेळाडूने २२०० वाल्याला हरवले. त्याच्याकडून अपेक्षा ०.२४ गुणांची होती, मिळाला १. फरक ०.७६ चा. त्याला २० या ठरावीक आकड्याने गुणले की सुमारे १५ येतात. तेवढे त्याचे वाढतील आणि (दोघांचा गुणक सारखा असेल तर) तेवढेच दुसऱ्याचे कमी होतील. अपेक्षेइतकाच खेळ झाला तर दीर्घकाळात आकडा जागच्या जागी राहतो.

अमेरिकेत राष्ट्रीय गुणांकन २२०० झाले की खेळाडू ‘नॅशनल मास्टर’ होतो. एखादी विशिष्ट स्पर्धा जिंकण्याची अट नाही. सोव्हिएत पद्धतीत मास्टर होण्यासाठी ठरलेल्या स्पर्धेत ठरलेले गुण मिळवावे लागत. एका ठिकाणी वर्षभराच्या कामाची सरासरी, दुसऱ्या ठिकाणी वार्षिक परीक्षा, असा हा फरक. ब्रिटनने तिसराच मार्ग धरला. तेथे १९५० च्या दशकापासून तीन अंकी ‘ग्रेड’ चाले. तिला साडेसातने गुणून ७०० मिळवले की चार अंकी गुणांकन येई. म्हणजे ब्रिटनचे २०० ते इतरत्र २२००. ही तीन अंकी पद्धत २०२० साली बंद झाली.

आकडे आले म्हणून सगळे देश एका पातळीवर आले असे मात्र झाले नाही. वर पाहिले तसे, एकाचे वाढलेले गुण दुसऱ्याच्या खिशातून येतात. त्यामुळे जो गट फक्त आपापसांत खेळतो, त्याचे आकडे त्या गटापुरतेच खरे. १९९६ मध्ये अमेरिकेतील एका तुरुंगातील कैद्याचे गुणांकन २७०० च्या वर गेले आणि तो राष्ट्रीय यादीत दुसरा आला! तो मुख्यतः तुरुंगातील इतर कैद्यांशी खेळत असे. फिडेलाही वेळोवेळी दुरुस्त्या कराव्या लागल्या. मार्च २०२४ मध्ये २००० च्या खालील सर्वांचे गुणांकन, २००० पासूनच्या अंतराच्या चार दशांशाने वाढवले गेले: १५०० चे १७०० झाले, १००० चे १४००. खेळाडू तेच, त्यांचा खेळ तोच. बदलली ती पट्टी.

म्हणूनच फिडेने नुसत्या आकड्यावर विसंबायचे टाळले. ग्रँडमास्टर होण्यासाठी २५०० गुणांकन लागते. शिवाय एकूण किमान २७ डाव भरतील इतके ‘नॉर्म’ मिळवावे लागतात. नॉर्म म्हणजे एका स्पर्धेत २६०० च्या तोडीची कामगिरी. प्रतिस्पर्ध्यांची सरासरी २३८० असेल तर नऊ डावांत सात गुण हवेत. २४८० असेल तर सहा पुरतात. प्रतिस्पर्ध्यांपैकी किमान एक तृतीयांश ग्रँडमास्टर हवेत, आणि साधारणतः आपला देश सोडून आणखी किमान दोन देशांचे खेळाडू त्यांत हवेत. बंद गटातील फुगवटा टाळण्यासाठी ही परदेशी खेळाडूंची अट.

पण हीच अट देशादेशांवर वेगवेगळी पडली. युरोपात एका रात्रीच्या रेल्वेप्रवासात तीन देशांचे ग्रँडमास्टर भेटतात. सोव्हिएत संघात ग्रँडमास्टर पुष्कळ, पण बाहेर जाण्याची परवानगी मोजक्यांना. रशियन प्रजासत्ताकाचे अजिंक्यपद पाच वेळा मिळवणारा आणि जगज्जेत्या तालला हरवणारा रशीद नेझमेतदिनोव्ह अखेरपर्यंत इंटरनॅशनल मास्टरच राहिला, तो मुख्यतः यामुळे. ब्रिटनमध्ये जिम स्लेटर या धनिकाने पहिल्या ब्रिटिश ग्रँडमास्टरसाठी ५००० पौंडांचे बक्षीस लावले. ते १९७६ साली टोनी माइल्सने मिळवले. मीझेस हे ब्रिटिश नागरिक होते, पण जन्माने जर्मन. आणि १९७५ मध्ये ग्रँडमास्टर झालेले कीथ रिचर्डसन पत्राने खेळणारे. तेव्हा ‘पहिला’ ठरवायलाही व्याख्या लागली!

आपल्याकडे मॅन्युएल आरोन १९६१ मध्ये पहिले भारतीय इंटरनॅशनल मास्टर झाले. दुसरा, व्ही. रविकुमार, १९७८ मध्ये. मधली सतरा वर्षे भारतात बुद्धी नव्हती असे कोण म्हणेल? देशात ग्रँडमास्टर नाही, आणि परदेशी जायचे तर खर्च व परकीय चलन या अडचणी. मुंबईच्या जयश्री खाडिलकर १९७९ मध्ये पहिल्या भारतीय महिला इंटरनॅशनल मास्टर झाल्या. विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये पहिला ग्रँडमास्टर, दिब्येंदु बारुआ १९९१ मध्ये दुसरा, आणि मुंबईचे प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये तिसरे. पुढे घरातच ग्रँडमास्टर झाले, देशात आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या, आणि संख्या भराभर वाढली. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये ८८ वी भारतीय ग्रँडमास्टर झाली, तीही एकही ग्रँडमास्टर नॉर्म नसताना. जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला म्हणून नियमानुसार किताब थेट मिळाला. ‘स्पर्धा जिंक आणि मास्टर हो’ ही लास्करच्या काळची रीत नियमांच्या एका कोपऱ्यात अजून जिवंत आहे.

शिक्षकमित्रांसाठी एक प्रयोग सुचवतो. दोन तुकड्यांतील आठ-आठ मुले घ्या. प्रत्येकाला १००० गुणांकन द्या आणि तुकडीतल्या तुकडीत महिनाभर डाव खेळवा. वरील रीतीने दर डावानंतर मुलांनाच गुण मोजू द्या. सुरुवातीला दोघे समान असताना जिंकणाऱ्याचे दहा वाढतील. महिनाअखेर दोन्ही तुकड्यांची बेरीज ८००० च्या आसपासच असेल. मग मुलांना विचारा: दोन्ही तुकड्यांचे पहिले सारखेच का? नुसत्या तक्त्यांवरून उत्तर मिळणार नाही. त्यासाठी एका तुकडीतील मुलांना दुसऱ्या तुकडीत जाऊन खेळावे लागेल. आणि जाताना हेही पाहा, की जायची संधी कोणाला मिळाली आणि कोण राहून गेले.