हैदराबादच्या वाट्याचं आकाश

तुळजापूर तालुक्यातल्या तामलवाडीहून शरदातल्या संध्याकाळी दक्षिणेला पाहिलं, की क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या साधारण मध्यावर मकर रास दिसते. शंभर वर्षांपूर्वी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आकाशाचा नेमका हाच पट्टा मोजायचं काम त्या संस्थानाच्या वेधशाळेकडे होतं.

नवाब जफर जंग यांनी 1901 मध्ये हौसेनं सुरू केलेली ही निजामिया वेधशाळा 1908 मध्ये सरकारनं ताब्यात घेतली. पॅरिसच्या 1887 च्या परिषदेत सगळ्या आकाशाची छायाचित्रं घेऊन ताऱ्यांची यादी करायचं ठरलं होतं आणि देशोदेशींच्या वेधशाळांनी आकाश वाटून घेतलं होतं. दक्षिणेकडचा उणे 17 ते उणे 23 अंशांचा पट्टा आधी चिलीतल्या सँटियागोकडे होता. तिथं तो रखडला आणि हैदराबादकडे आला. रॉबर्ट पोकॉक आणि त्यांच्यानंतर टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं काचेच्या प्लेटा घेतल्या गेल्या. एकेका ताऱ्याची जागा सूक्ष्मदर्शकाखाली हातानं मोजायची, ठिपक्याच्या आकारावरून त्याचं तेज ठरवायचं. काम कंटाळवाणं, पण त्यात हयगय चालत नसे.

या कष्टाचं मोल पुढे कळलं. हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजणीला या जुन्या नोंदी जोडून 2000 मध्ये टायको-2 ही यादी तयार झाली. जवळपास शतकाच्या अंतरानं घेतलेल्या दोन जागा हाती आल्या, म्हणून सुमारे 25 लाख ताऱ्यांची आकाशातली गती कळली. एकत्र जन्मलेले तरुण तारे एकाच दिशेनं सरकतात. त्यांचे गट अशा गतींवरूनच ओळखू येतात.

2013 मध्ये मायकेल लिऊ यांच्या चमूला मकर राशीत, याच पट्ट्यात, कुठल्याही ताऱ्याभोवती न फिरणारा ग्रहाएवढ्या वस्तुमानाचा एक गोळा सापडला: पीएसओ जे318.5-22. तो इतका मंद आहे, की हैदराबादच्या प्लेटांवर उमटणं शक्यच नव्हतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्याची जागा किंचित हलताना दिसते. त्या हलण्यावरून अंतर निघालं सुमारे 80 प्रकाशवर्षं. अंतर कळलं, की दिसणाऱ्या तेजावरून खरं तेज काढता येतं. पण मंद दिसणारा गोळा जड आणि म्हातारा आहे की हलका आणि तरुण, हे एकट्या तेजावरून ठरत नाही, कारण असे गोळे जन्माची उष्णता हळूहळू गमावत निवत जातात. त्यासाठी वय लागतं.

ते वय गतीनं दिलं. हा गोळा बीटा पिक्टोरिस गटातल्या तरुण ताऱ्यांसोबत सरकतो आहे. गटाचं वय आज सुमारे दोन कोटी वर्षं मानतात. त्यावरून गोळ्याचं वस्तुमान गुरूच्या सुमारे आठ पट निघतं.