दहशतवादविरोधी कायदे आणि नागरी स्वातंत्र्य (महाराष्ट्र)

दहशतवादविरोधी कायदे आणि नागरी स्वातंत्र्य यांच्यातील संबंध हा महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासातील वादग्रस्त विषय आहे. या विशेष कायद्यांत अटक, जामीन व पुरावा यांविषयी नेहमीच्या फौजदारी कायद्याहून कठोर तरतुदी असतात. दोष सिद्ध होण्यापूर्वीच आरोपीला दीर्घकाळ तुरुंगात राहावे लागते, हा त्यांवरील मुख्य आक्षेप होय.

वसाहतकाल

पारनेर येथे १२ नोव्हेंबर १८८० रोजी जन्मलेले पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट पॅरिसमध्ये बॉम्बविद्या मिळवून १९०८ साली भारतात परतले. अलीपूर बॉम्ब खटल्यात नाव आल्याने ते सुमारे चार वर्षे भूमिगत होते. पुढे अटक झाली, तरी पुराव्याअभावी त्यांची सुटका झाली. १९२१ पासून त्यांनी धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मुळशीच्या शेतकऱ्यांचा सत्याग्रह चालवला. सशस्त्र कट आणि जनआंदोलन हे दोन्ही मार्ग एकाच आयुष्यात आल्याने, कृत्याची चौकशी आणि व्यक्तीवर मारलेला शिक्का यांतील फरक या उदाहरणातून दिसतो.

स्वातंत्र्योत्तर कायदे

१९८५ चा टाडा गैरवापराच्या तक्रारींनंतर १९९५ मध्ये संपुष्टात आला. २००२ चा पोटा २००४ मध्ये रद्द झाला. मात्र त्यातील अनेक तरतुदी बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७ (यूएपीए) यात समाविष्ट झाल्या. २००८ च्या दुरुस्तीनुसार आरोप प्रथमदर्शनी खरे मानण्यास वाजवी कारण असल्यास जामीन देता येत नाही. २०१९ पासून केवळ संघटनेलाच नव्हे, तर व्यक्तीलाही खटल्याविना दहशतवादी घोषित करता येते.

भीमा कोरेगाव प्रकरण

१ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर एल्गार परिषदेसंबंधीच्या गुन्ह्यात १६ जणांना अटक झाली. त्यांत वकील, प्राध्यापक व कार्यकर्ते होते. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप त्यांनी नाकारला. आरोपी फादर स्टॅन स्वामी यांचे खटला सुरू होण्यापूर्वीच ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत निधन झाले. व्हर्नन गोन्साल्विस व अरुण फरेरा यांना जुलै २०२३ मध्ये जामीन देताना, हिंसेचा प्रचार करणारे साहित्य केवळ बाळगणे हा दहशतवादी गुन्हा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

जनसुरक्षा विधेयक

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत संमत झाले. शहरी भागातील नक्षलवादी संघटनांना आळा घालणे हा त्याचा हेतू असल्याचे शासनाने सांगितले. संयुक्त समितीच्या शिफारशीनंतर त्याची व्याप्ती कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांपुरती करण्यात आली. ‘बेकायदेशीर कृत्य’ या संज्ञेची व्याख्या संदिग्ध असून शांततामय आंदोलनेही तिच्या कक्षेत येऊ शकतात, असा विरोधकांचा आक्षेप आहे.